चाक सैल का होते?

गेल्या मे महिन्यात बुऱ्हाणपूरला अक्काकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. बेळगावहून निघायचे, भुसावळला गाडी बदलायची आणि तापीकाठच्या या जुन्या गावात उतरायचे. इथे १६३१ मध्ये मुमताजमहलचा अंत झाला, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा इथे आहे, जवळच अशीरगड आहे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी पाहिलेही. पण या लेखाचा विषय त्याहून फार लहान, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या एका चाकाचा आहे.

सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने बुऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद केली होती. आज गावात यंत्रमागांची खटखट ऐकू येते. अक्काच्या घरीही तळमजल्यावर भाऊजींचे चार माग आहेत. वरच्या खोलीत दुपारी पडले की पाठीखालची फरशी मिनिटाला दीडशे वेळा थरथरते. आठ दिवसांनी सवय होते असे अक्का म्हणाली. मला झाली नाही.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलला आहे. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने रेडिओवर चालणारा एक क्रॉलर ट्रक जुनाच विकत घेतला होता. हे खेळणे वेगाने पळत नाही. ते दगडावर चढते. खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराचे, अडीच किलो वजनाचे, मऊ रबरी टायरांचे हे वाहन मुंगीच्या चालीने खडक पार करते. त्याची गिअरची साखळी अशी असते की छोट्या मोटारीचे फेरे खूप कमी होतात आणि त्या प्रमाणात चाकावरचे आघूर्ण वाढते. वर्कशॉपमध्ये ज्याला टॉर्क म्हणतात ते हेच. शिवाय बहुतेक क्रॉलरांत डिफरन्शियल जाम केलेले असते. त्यामुळे एक चाक हवेत लोंबकळले तरी दुसरे मुकाट्याने सगळा भार ओढते.

संध्याकाळी आम्ही राजघाटावर गेलो. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेले होते आणि पायऱ्यांखाली दगड उघडे पडले होते. ट्रक दोन दगड चढला आणि तिसऱ्यावर त्याचे मागचे डावे चाक दारुड्यासारखे डुलू लागले. हाताने हलवून पाहिले तर चाक आसावर कडकड वाजत होते.

भाच्याने विचारले, "मामा, काय करू?"

वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अशा वेळी थोडे थांबावे. मी थांबलो नाही. "नट घट्ट कर आणि त्यावर आटे चिकटवायचे ते लॉकटाइट टाक," असे सांगून मोकळा झालो. त्याने तसे केले. दुसऱ्या दिवशी चाक छान चालले. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या रिमला मध्यभागी केसासारखी चीर पडली आणि संध्याकाळपर्यंत रिम दुभंगली. तेच औषध त्याने खबरदारी म्हणून उजव्या चाकालाही लावले होते, तेही गेले. मुलगा काही बोलला नाही. मामा पाहुणा होता.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी खाली तीन नंबरचा माग बंद पडला. मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडले. खाली गेलो तर धोटा ताण्यात अडकून बसला होता आणि दोन-अडीचशे धागे तुटून लोंबत होते. मागावरचा विणकर साधारण माझ्याच वयाचा. त्याला मजुरी मिळते ती कापडाच्या मीटरवर. तुटलेला एकेक धागा शोधायचा, गाठायचा, वहीतून आणि फणीतून ओवायचा, आणि तेवढा वेळ कापड विणले जात नाही. दिवेलागणीपर्यंत तो बाकावर वाकून बसला होता. त्या दिवसाची त्याची कमाई जवळजवळ शून्य.

भाऊजींनी जॉबरला बोलावले. मागांची दुरुस्ती करणाऱ्या या कारागिराला सारे चाचा म्हणतात. चाचांनी बॅटरी घेऊन मागाच्या खालच्या शाफ्टवर प्रकाश टाकला, एका बिडाच्या तुंब्याभोवती बोट फिरवले आणि ते बोट माझ्यापुढे धरले. बोटाला गेरूसारखी तांबडी पूड लागली होती.

"साहब, लोहा जब आपस में रगड़ता है तो ऐसा कुंकू निकलता है।"

हे मी पुस्तकात वाचले होते, बोटावर पाहिले नव्हते. पोलादाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतानाही अगदी सूक्ष्म प्रमाणात, काही मायक्रॉन, मागेपुढे सरकत राहिले की त्यांचे बारीक कण निघतात आणि हवेतील ऑक्सिजनने गंजून त्यांची तांबडी पूड होते. इंग्रजी पुस्तकांत याला फ्रेटिंग म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर पूड काळी निघते. डोळ्यांना तुंबा पक्का दिसत असताना तो हलतो आहे हे सांगणारी अशी दुसरी सोपी खूण मला माहीत नाही.

मागाची रचना थोडी सांगितली पाहिजे. वरचा क्रँक शाफ्ट एका फेऱ्यात फणी एकदा ठोकतो. खालचा शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावर धोट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी फटका देणारे टॅपेट बसवलेले असतात. ताण्याची वाट उघडी आहे तेवढ्याच वेळात धोटा आरपार गेला पाहिजे. मिनिटाला १५० फेरे धरले तर एका फेऱ्याला ०.४ सेकंद लागतात. टॅपेट आपल्या शाफ्टवर ५ अंश सरकला तर क्रँकच्या हिशेबात ते १० अंश होतात, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद. धोटा सेकंदाला १२ मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात तो १३ सेंटिमीटर मागे पडतो. वाट मिटू लागते आणि धोटा आत सापडतो. आता ३८ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टच्या परिघावर ५ अंश म्हणजे किती? जेमतेम १.७ मिलिमीटर. एवढ्या सरकण्याने एका माणसाची दिवसाची मजुरी गेली.

आणि हा तुंबा एका दिवसात सरकला नव्हता. तो दीड महिन्यापासून सैल होता. लग्नसराईची मागणी होती, म्हणून दर आठवड्याला त्याचा सेट स्क्रू पान्याला पाइप लावून कसला जात होता आणि माग पुन्हा सुरू होत होता. शेवटी बिडातले आटे गेले. मी हे ऐकत होतो आणि भाचा माझ्याकडे पाहत होता. नट घट्ट कर, हे मीही त्याला सांगितले होतेच.

घट्ट केल्याने चार दिवस का भागते आणि मग का भागत नाही, हा खरा प्रश्न आहे. सेट स्क्रू तुंब्याच्या एका बाजूने आत जाऊन शाफ्टला टोचतो. भोक शाफ्टपेक्षा मोठे झालेले असेल तर स्क्रू शाफ्टला समोरच्या भिंतीवर ढकलतो. तिथे दोन गोल पृष्ठभाग एका रेषेत टेकतात. म्हणजे एकूण आधार एक टोक आणि एक रेषा. मधल्या सगळ्या जागेत फट तशीच राहते आणि तुंबा त्या रेषेवर कलंडत राहतो. फणी ठोकताना, धोट्याला फटका बसताना भार एकदम चढतो आणि उतरतो. दर वेळी तुंबा ती फट ओलांडून शाफ्टवर आदळतो. मिनिटाला १५० म्हणजे आठ तासांच्या पाळीत ७२,००० ठोके. फट जितकी मोठी तितका ठोका जोराचा, आणि ठोका जितका जोराचा तितकी फट मोठी. सैलपणा स्वतःच स्वतःला वाढवतो तो असा. चावी झिजलेली असली की मग स्क्रूच्या टोकाखेरीज अडवणारे काही उरत नाही.

चाचा म्हणाले, "पेच तो पहरेदार है, हमाल नहीं।" पेचाने जागेवर राखण करावी, ओझे वाहू नये.

त्यांचे हे म्हणणे सेट स्क्रूपुरते मला शंभर टक्के पटले. पण ट्रकच्या चाकाच्या नटाबाबत मी त्यांच्याशी थोडा वाद घातला, आणि रात्री भाच्याच्या वहीत आम्ही हिशेब मांडला. या ट्रकच्या आसाला टोकाशी २ मिलिमीटरची आडवी पिन असते. तिच्यावर १२ मिलिमीटरचा षट्कोनी तुंबा बसतो. मुले त्याला नुसते हेक्स म्हणतात. तो रिममधल्या षट्कोनी खोबणीत शिरतो आणि बाहेरून ४ मिलिमीटरचा नट हे सारे दाबून धरतो. ट्रकचे निम्मे वजन एका चाकावर आले आणि घर्षणांक १ धरला तर टायरच्या काठावर सुमारे १२ न्यूटन बल येते. टायरची त्रिज्या ५५ मिलिमीटर म्हणून आघूर्ण सुमारे ०.६६ न्यूटन-मीटर. हेच आघूर्ण ५ मिलिमीटरच्या आसाशी पिनने पेलायचे तर तिच्या दोन्ही टोकांवर १३० न्यूटनच्या आसपास, म्हणजे तेरा किलो वजनाइतका रेटा येतो. काडीएवढ्या पिनवर!

पण नट नीट कसलेला असेल तर पिनवर ही वेळच येत नाही. नटावर अर्धा न्यूटन-मीटर जोर लावला तर तो रिमला आडवा सुमारे ६०० न्यूटनने दाबतो आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण ०.६ न्यूटन-मीटरपर्यंत आघूर्ण पेलू शकते. म्हणजे इथे पेच हमालीही करतो, पण काठावर. अडचण प्लास्टिकची आहे. सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू वाहते, दबते, आणि नट न फिरताही त्याची पकड कमी होते. उन्हात आणखी लवकर. पकड गेली की भार पिनवर आणि षट्कोनाच्या कडांवर येतो, पुढे-मागे करताना ठोके सुरू होतात, आणि पुढची गोष्ट मागासारखीच. माझा सल्ला अशा रीतीने एक दिवस खरा ठरला होता.

लॉकटाइटचे पाप वेगळे. हा द्रव हवा नसताना आणि धातूचा स्पर्श असताना घट्ट होतो. धातूच्या आट्यांत तो उत्तम. प्लास्टिकशी तो जमत नाहीच, उलट ताणाखाली असलेल्या काही प्लास्टिकांना त्याने चिरा पडतात. डबीवर बारीक अक्षरात हे लिहिलेलेही होते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसलो, आणि या वेळी आधी मापे घेतली. चाक सैल आहे हे निदान नव्हे. सैल नेमके कुठे आहे? भाच्याने आस चिमट्यात धरून नुसता तुंबा हलवला, मग तुंबा धरून नुसती रिम, मग दोन्ही धरून आसच आतबाहेर ओढला. तिन्ही ठिकाणी खेळ निघाला. व्हर्नियरने पाहिले तर तुंब्याचे भोक ५.१ मिलिमीटर आणि आस ५ मिलिमीटर. ०.१ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण तुंब्याची जाडी फक्त ५ मिलिमीटर होती, म्हणून एवढ्या फटीने तो दर पन्नासास एक या प्रमाणात कलतो, आणि ५५ मिलिमीटर दूर टायरच्या काठावर हा कल १.१ मिलिमीटर होतो. दुसऱ्या बाजूला तेवढाच. डुलणे दिसत होते ते हे.

इथे मला बैलगाडीची आठवण झाली. गाडीच्या चाकाचा तुंबा लांबोडका का असतो, याचे उत्तर याच गुणोत्तरात आहे. फट तीच ठेवून तुंबा चौपट लांब केला की कल चौथ्या हिश्श्यावर येतो. (आमच्या कन्नड विभागातील मित्रांची गाली आणि अच्चू यांनाही हाच नियम लागू.) लहानपणी गावी चाकावर धाव चढवताना मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. लोहार लोखंडी धाव लाकडी चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम बोटभर आखूड करी. चार फुटी चाकाचा घेर सुमारे पावणेचार मीटर. धाव शेण्यांच्या आगीत ५०० अंशांनी तापली तर घेरात २२ मिलिमीटर वाढते, तेवढ्यात ती चाकावर सरकवायची आणि पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन धाव आकसते आणि पुठ्ठे, आरे सगळे तुंब्याकडे आवळले जातात. हे सारे एकही स्क्रू न वापरता. भुसावळच्या फलाटावर उभे राहून जी रेल्वेची चाके आपण पाहतो तीही आसावर चावीशिवाय, केवळ दाबून बसवलेली असतात. चाकाचे भोक आसापेक्षा किंचित लहान ठेवतात, बस.

हा 'किंचित' किती असावा याचे कोष्टक आपल्या आय. एस. ९१९ या भारतीय मानकात आहे. वर्कशॉपचा पेपर असणाऱ्यांना ते ठाऊक असेल. ३८ मिलिमीटरच्या भोकाला एच ७ दर्जात ० ते २५ मायक्रॉन जास्तीची सूट आहे. शाफ्ट जी ६ असेल तर तो ९ ते २५ मायक्रॉन कमी, म्हणजे सहज सरकणारी बैठक. के ६ असेल तर २ ते १८ मायक्रॉन जास्त, म्हणजे हलक्या हातोडीने बसणारी. पी ६ असेल तर २६ ते ४२ मायक्रॉन जास्त, म्हणजे दाबूनच घालावी लागणारी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर सैल आणि पक्के यांतले अंतर एका केसाच्या आत संपते. भाऊजींच्या मागावरच्या टॅपेटचे भोक शाफ्टपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठे झाले होते. त्याला मानकात अक्षर नाही.

ट्रकचे काम असे झाले. जुने तुंबे टाकून पोलादी, चीर दिलेले तुंबे मागवले. त्यांना आडवा बारीक स्क्रू असतो. तो कसला की चीर मिटते आणि तुंबा आसाला चारी बाजूंनी कवळतो. एका टोकाऐवजी पूर्ण घेर पकडतो, हा सगळा फरक. पिना नव्या घातल्या. आसाच्या आतबाहेर होण्याला पातळ वॉशर लावले, पण थोडासा खेळ राखून, नाहीतर बेअरिंग आवळते. दोन रिमा नव्या घ्याव्या लागल्या (त्यांचे पैसे मी दिले). पुढच्या दोन रिमांची खोबणी किंचित फाकली होती. तिथे थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून कडेकडेने घातला. तो सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो आणि फुकट मिळतो. ही तात्पुरती सोय आहे, इलाज नव्हे. नायलॉनचे नट जुने झाले की त्यांची पकड जाते, म्हणून तेही बदलले. शेवटी भाच्याने तुंबा, रिम आणि नट यांवरून शाईची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटली की कोण सरकला ते कळते. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा एकदा तपासायचा, कारण प्लास्टिक तोवर दबलेले असते.

मागाचे काम दोन दिवस चालले. भाऊजी शाफ्टवर पत्रा गुंडाळून वेळ निभावायला तयार होते, पण चाचा अडून बसले आणि तुंबा खोलून लेथवर नेला. टर्नरने भोक मोठे करून एकसारखे गोल केले, त्यात पोलादी बुश दाबून बसवला, बुशचे भोक शाफ्टच्या मापाला आणले आणि चावीची खाच नव्याने काढली. चावी शंभरास एक उताराची, ठोकून बसणारी. शाफ्टवर वेल्डिंग भरून कातायचा मार्गही असतो, पण वेल्डिंगच्या कडेला शाफ्ट पुढे तुटतो असे चाचांचे मत होते. दोन सेट स्क्रू समोरासमोर न घेता काटकोनात घेतले. समोरासमोर असले तर शाफ्ट मध्ये लोंबतो, काटकोनात असले तर तो भोकाच्या भिंतीवर पक्का टेकतो. हे मी कुठल्याच पुस्तकात अधोरेखित केलेले नव्हते. त्या दोन दिवसांचे पैसे विणकराला मिळावेत असे अक्काने जेवताना भाऊजींना सांगितले. निम्मे मिळाले.

बेळगावला परतल्यावर जूनमध्ये प्रयोगशाळा उघडली. बी. एस्सी.च्या मुलांना फ्लायव्हीलचे जडत्व-आघूर्ण काढण्याचा प्रयोग असतो. आसाला दोरी गुंडाळायची, वजन सोडायचे, फेरे मोजायचे. आमच्या एका फ्लायव्हीलची उत्तरे वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मी वह्यांवर 'निरीक्षणात निष्काळजीपणा' असा लाल शेरा मारत आलो आहे. या वेळी मी आसाजवळ बोट फिरवले. बोट तांबडे झाले. दोष सगळा त्याचाच असे म्हणत नाही, बेअरिंगही जुने आहे. पण ग्रब स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे इतके ओरखडे आहेत की दर वर्षी कुणीतरी तो घट्ट करत आले आहे हे उघड दिसते. त्या कुणीतरीत मीही आहे. चाक सध्या टर्नरकडे गेले आहे. ज्यांच्या वह्यांवर गेल्या वर्षी तो शेरा पडला त्यांनी वह्या घेऊन माझ्याकडे यावे. गुण बदलता येणार नाहीत, शेरा खोडता येईल.